हरकतींचा आठवडा

यंदा माझ्या वेळापत्रकावर एकही हरकत आली नाही, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

आमचं कॉलेज धुळ्यात, पांझरेच्या पुलापलीकडे देवपूरला. कला आणि वाणिज्य, सकाळचं. मी, मेघा भामरे, तिथे अर्थशास्त्र शिकवते आणि कॉलेजचं वेळापत्रक लावते. तशी त्याची समिती आहे, समितीत आणखी नावंही आहेत, पण ती सही करण्यापुरती. पेन्सिल, पट्टी आणि खोडरबर घेऊन जुलैच्या उकाड्यात ड्रॉइंगशीटवर वाकणारी एकटी मी. खोल्या थोड्या, वर्ग जास्त. नव्या धोरणाने विषय वाढवले, भिंती वाढवल्या नाहीत. तरी इतक्या वर्षांत माझ्या तक्त्यात क्लॅश पडलेला नाही. म्हणजे एका खोलीत एकाच वेळी दोन वर्ग, किंवा एका मास्तरला एकाच वेळी दोन ठिकाणी तास, असं कधी झालेलं नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

तक्ता तयार झाला की आठवडाभर स्टाफरूममध्ये लावायचा, ही आमच्याकडची जुनी पद्धत. त्याला हरकतींचा आठवडा म्हणतात. ज्याला जे बोलायचं ते त्या आठवड्यात बोलावं, आणि नियम असा की ज्याची हरकत त्याचा चहा. सगळ्या स्टाफरूमला. त्या आठवड्यात आमचा शिपाई झुलालभाऊ टपरीवर खेपा घालून दमतो. एकाला शेवटचा तास नको, एकाला जिन्याजवळची खोली नको, एकीला शनिवार नको. इतिहासाचे ज्ञानेश्वर चौधरी सर तर पहिल्याच दिवशी दारातून ओरडत येतात. ते जळगावहून अप-डाऊन करतात. "मॅडम, पहिला तास? माझी बस पारोळ्याला असते तेव्हा!" मग मी म्हणते, लवकरची बस पकडा. मग ते म्हणतात, तुम्हाला माणुसकी नाही. मग चहा येतो. हे दरवर्षी होतं.

यंदा तक्ता लागला आणि सगळे त्याच्यासमोर उभे राहून मान हलवत गेले. "छान झालंय, मॅडम." ज्ञानेश्वर सरांना मी आठवड्यात तीन वेळा पहिला तास दिला होता, खरं सांगायचं तर थोडा मुद्दामच. ते म्हणाले, "काही हरकत नाही."

काही हरकत नाही! ज्ञानेश्वर चौधरी!

आणि भूगोलाची पुनम महाले. ही तासिका तत्त्वावरची. म्हणजे तास घेतला तर मोबदला, आणि नेमणूक दरवर्षी नव्याने, मुलाखत देऊन. मेमध्ये बाळंत झालेली, कुसुंब्याला सासरी राहते. जुलैत मुलाखत झाली तेव्हा समितीत मीही होते. मी विचारलं होतं, "मूल तान्हं आहे. तास बुडणार नाहीत ना? इथे कॉलेजात घेऊन येणार नाहीस ना?" कोणीतरी विचारायला हवंच होतं. ती म्हणाली, "नाही मॅडम, सासूबाई घरी सांभाळतील." तिच्या मागे दुसऱ्या नंबरवर आमच्या एका संचालकांचा जावई बसलेला होता, आणि तो अजून वाट पाहतोय हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे. तर या पुनमचे तास तक्त्यात जिथे फट मिळाली तिथे गेले होते. पहिला, मग मध्ये भोकं, मग पाचवा. तान्ह्या मुलाची आई असं वेळापत्रक पाहून रडकुंडीला यायला हवी. तीसुद्धा म्हणाली, "छान आहे, मॅडम."

मी घरी आले ती बिनचहाची. जेवताना नवऱ्याला म्हटलं, "सगळे गोड बोलायला लागलेत. काहीतरी शिजतंय." तो म्हणाला, "तुझं वेळापत्रक खरंच चांगलं झालं असेल." माझा नवरा भोळा आहे.

मग मी एक गोष्ट केली, जी आयुष्यात केली नव्हती. दुसऱ्या दिवशी स्टाफरूम रिकामी असताना तक्ता खाली घेतला आणि त्यात क्लॅश घातला. मंगळवार आणि बुधवार, तिसरा तास, खोली सात. ज्ञानेश्वर सरांचा इतिहासाचा वर्ग सातमध्ये, आणि वाणिज्यच्या आकाश बैसाणेचा हिशेबाचा वर्गही सातमध्ये. खोडताना माझा हात जड झाला होता, पण केलं. एका दारात दोन वर्ग उभे राहिले की बोंब व्हायलाच हवी. बोंब झाली, तर तक्त्याप्रमाणे चाललंय. नाही झाली, तर माझा तक्ता भिंतीवर शोभेला आहे.

बुधवार आला. तिसऱ्या तासानंतर मी स्टाफरूममध्ये जाऊन बसले. ज्ञानेश्वर सर पेपर वाचत होते, आकाश मोबाईल बघत होता.

"कसा झाला तास?" मी दोघांनाही विचारलं.

"मस्त," सर म्हणाले.

"एकदम," आकाश म्हणाला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पुढच्या मंगळवारी मी माझ्या वर्गाला लिहायला एक प्रश्न दिला आणि तिसऱ्या तासाला स्वतः सात नंबरच्या दारापाशी गेले. आत इतिहास नव्हता, हिशेबही नव्हता. आत पुनम पहिल्या वर्षाच्या मुलांना मान्सूनचे वारे शिकवत होती. तक्त्याप्रमाणे तिला या वेळी तासच नव्हता. इतिहासाचा वर्ग मला हॉलमध्ये सापडला. हिशेबाचा कुठेच नव्हता. मुलांना विचारलं तर एक पोरगी म्हणाली, "तो तर पहिल्या तासालाच झाला, मॅडम. पहिल्यापासून तसंच आहे."

पहिल्यापासून! म्हणजे सगळ्या कॉलेजात दुसरंच वेळापत्रक चालू होतं, आणि ते पोराठोरांना पाठ होतं. ते ठाऊक नसलेली एकच बाई होती, आणि ती म्हणजे ते लावणारी.

जिन्याखाली घंटेजवळ झुलालभाऊ बसला होता. मी त्याला धरलं. "झुलालभाऊ, काय चाललंय हे? कोण कुठे तास घेतंय?"

त्याने टोपी काढून परत घातली. "माले काय म्हायती, मॅडम? मी घंटी वाजाडस. बाकी बठ्ठं सर लोके देखतस."

"ज्ञानेश्वर सरांनी यंदा पहिल्या तासाबद्दल तक्रार का केली नाही?"

हे सोपं वाटलं असावं, म्हणून तो बोलून गेला. "त्यास्ले काय तकरार? त्या जूनपशी आठेच ऱ्हातस ना. देवपूरमा खोली लिधी त्यास्नी. कंबर दुखस बसमा."

खोली घेतली आणि मला कळवलं नाही. आमच्याकडे कोणी नवी चप्पल घेतली तरी स्टाफरूमला कळतं. मग ही गोष्ट माझ्यापासून का लपवली? माझ्या डोक्यात भराभर जुळत गेलं. आकाश गेल्या वर्षापासून म्हणत होता की कॉम्प्युटरवर एका मिनिटात वेळापत्रक होतं. त्याने ते करून सगळ्यांना वाटलं असणार. माझं काम माझ्या नाकाखालून काढून घेतलं, आणि तोंडावर "छान आहे, मॅडम." ज्ञानेश्वर सर गावातच राहतात म्हणजे संध्याकाळी यांच्या बैठका होत असणार. यांना मी नकोय एवढंच नाही, मी हास्यास्पद ठरावी असं यांना हवंय. मला रडू यायला लागलं आणि त्याचाही मला राग आला.

तशीच प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. आमचे प्राचार्य प्रेमराज देवरे सर वाईट माणूस नाही, पण जो शेवटी बोलेल त्याचं ऐकणारा.

"तास होतायत ना, मॅडम?" ते म्हणाले. "मग जाऊ द्या ना."

"सर, भिंतीवर एक आणि वर्गात एक असं चालणार असेल तर हे काम मी सोडते. तुम्ही स्वतः बघा. उद्या तिसऱ्या तासाला माझ्याबरोबर फेरी मारा. तक्ता मी आणते."

त्यांनी चष्मा पुसला. "बरं. उद्या तिसरा तास. जो तक्त्याप्रमाणे जागेवर नसेल त्याला नोटीस. तासिकावाल्यांना नोटीसही नाही, सरळ घरी. बाहेर रांग लागलीय. आत्ता मला जळगावला विद्यापीठात बैठक आहे, मी निघालो."

मी समाधानाने बाहेर पडले. अगदी खोटं कशाला बोलू, खूश होऊन बाहेर पडले.

एक गोष्ट बघायची राहिली होती. वरच्या मजल्याच्या टोकाला सतरा नंबरची खोली आहे. पूर्वी भूगोलाचे नकाशे तिथे असायचे, आता ट्यूटोरियलच्या नावाखाली बहुतेक बंद असते. शनिवारी खालून जाताना मला तिच्या खिडकीला आतून चादर लावलेली दिसली होती. काल आकाशला थर्मास घेऊन तिकडे जाताना पाहिलं होतं. यांचा अड्डा तोच, याबद्दल मला खात्री होती. उद्याच्या फेरीआधी एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून मी जिना चढले.

दाराबाहेर बायकी चपला होत्या, झिजलेल्या. दार लोटलेलं होतं. मी ते ढकललं.

आत एक म्हातारी जमिनीवर गोधडी टाकून बसली होती. भिंतीवर भारताचा प्राकृतिक नकाशा लटकत होता. त्याच्या खुंटीपासून समोरच्या कपाटाच्या कडीपर्यंत लुगड्याची झोळी बांधलेली होती, आणि म्हातारी एका हाताने तिची दोरी ओढत होती. खोलीत वेखंडाचा वास होता. झोळीतून एक इवलीशी मूठ बाहेर आलेली होती.

"या ना ताई, या," म्हातारी हळूच म्हणाली. "कवाड लोटी ल्या. हाऊ आत्तेच निजना."

मी दार लोटलं. का लोटलं, माहीत नाही.

"तुम्ही बी आठेच शिकाडतस का?"

"हो," मी म्हटलं.

"मी भिकुबाई. पुनमनी सासू." तिने माझ्यासाठी गोधडीचं टोक सरकवलं. मी बसले. "काय सांगू ताई, हाऊ बाटलीले तोंडच लावत नही. चमचाबी थुकी टाकस. मायच लागस त्याले. घर ठेवं तर रडी रडी निया पडस. मंग मी लई येस त्याले एसटीमा. पुनम तास घेस, येस, पाजस, परत जास. बठ्ठा सर लोकेस्नी मिळीसन तिना तास एका जागे करी दिधात. भला मानसे शेतस बिचारा."

मी झोळीकडे बघत होते.

"तो जळगावना सर शे ना, मोठा, मिशीवाला? त्यानी सोताना तास इकडना तिकडे करा. आनि तो पोरगा, आकाश, तो च्या लई येस मनासाठे." भिकुबाईने आवाज आणखी खाली आणला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "फक्त एक करा, ताई. ती येळापत्रकवाली बाई शे ना तुमनी, तिले कळाले नको. ती लई संशयी शे म्हनतस. मुलाखतमा तिनीच इचारं व्हतं, पोऱ्याले आठे लई येशी का म्हनीसन. तिले कळनं तर पुनमनी नोकरी गयी समजा."

माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे. तिचा हात माझ्या गुडघ्यावरच होता, खरबरीत आणि गरम.

"नाही कळणार," मी म्हटलं.

"तुमनं नाव काय, ताई?"

"सारिका," मी म्हटलं. दुसरं नाव तोंडात आलं नाही, आणि माझं नाव तर घेववेना.

मी जिना उतरले. कट होता तो खरा, सगळ्यांनी मिळून केलेला, आणि माझ्यापासूनच लपवलेला. पण त्यात माझ्याविरुद्ध काही नव्हतं. मी त्यांच्या डोक्यातसुद्धा नव्हते, फक्त वाटेतला दगड होते, ज्याला वळसा घालून जायचं. याचं इतकं वाईट वाटलं की खरोखरच माझ्याविरुद्ध कट असता तर बरं झालं असतं असं वाटून गेलं.

धावत प्राचार्यांच्या केबिनकडे गेले. कुलूप. गाडी जळगावच्या रस्त्याला लागली होती. फोन लावला तर म्हणाले, "बैठकीत आहे, मॅडम. उद्या तिसरा तास, लक्षात आहे माझ्या." आणि ठेवला.

मग स्टाफरूममध्ये गेले. मी आत शिरले आणि बोलणी थांबली. हे रोज होत असणार, मला आजच ऐकू आलं. ज्ञानेश्वर सरांना बाजूला घेऊन म्हटलं, "सर, उद्या तिसऱ्या तासाला प्राचार्य फेरी मारणार आहेत. हातात तक्ता घेऊन. सगळ्यांना सांगा."

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "सांगायचं काय त्यात, मॅडम? आम्ही तर तक्त्याप्रमाणेच असतो."

"सर, मी खरं सांगतेय."

"मीपण."

बस. त्यांच्या मिशीचा एक केसही हलला नाही. माझ्याकडून मदत येईल हे त्यांना शक्यच वाटत नव्हतं. त्यांना वाटलं, ही चाचपून बघतेय, आम्ही बदल केला की पकडणार. त्यांचं काय चुकलं? मीच आठवड्यापूर्वी त्यांना पकडायला सापळा लावला होता. आणि तो सापळा असा होता की त्यांनी माझं ऐकलं असतं तरी उपयोग नव्हता. बुधवारी तिसऱ्या तासाला तक्त्याप्रमाणे वागायचं तर दोन वर्ग एका खोलीत कोंबावे लागले असते. इतकी वर्षं कधी न केलेली चूक मी मुद्दाम केली होती, आणि तिच्यात उद्या पुनम अडकणार होती.

बुधवारी दुसरा तास संपल्याची घंटा झाली. प्राचार्य केबिनबाहेर आले, आज इस्त्रीचा सफारी. मी तक्त्याची गुंडाळी घेऊन त्यांच्या शेजारून चालले. सर्वात आधी लागते ती सात नंबरची खोली. दुसरी वाटच नाही.

दारात थांबून त्यांनी तक्ता उलगडला. आत पुनम खडू घेऊन फळ्याकडे वळली होती. तिने आम्हाला पाहिलं आणि तिच्या हातातला खडू पडला.

"भूगोल?" प्राचार्यांनी तक्त्यावर बोट फिरवलं. "महाले मॅडमना आत्ता तास नाही. यांचा पाचवा. मग इथे कोण हवं? इतिहास, चौधरी." बोट खाली सरकलं आणि थांबलं. "आणि हिशेब, बैसाणे. पण हे दोन्ही सातमध्येच लिहिलंय. मॅडम?"

शेजारच्या हॉलमधून ज्ञानेश्वर सर दारात येऊन उभे राहिले होते. त्यांच्या मागे आकाश. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात काय होतं ते मला स्वच्छ वाचता येत होतं. केलंस ना शेवटी, असं.

"क्लॅश आहे, सर," मी म्हटलं.

"क्लॅश?"

"माझी चूक झाली. दोन वर्ग एकाच खोलीत लिहिले गेले माझ्याकडून."

हे शब्द तोंडातून काढताना मला काय झालं ते मीच जाणे. असं वाटलं की भर बाजारात कोणी डोक्यावरचा पदर ओढला. प्राचार्यांचे डोळे मोठे झाले. "तुमच्याकडून? भामरे मॅडम, तुमच्याकडून क्लॅश?"

"हो सर. वय झालं. एक घर चुकलं की पुढची सगळी सरकतात. चौधरी सरांना खोली मिळेना, ते हॉलमध्ये गेले. बैसाणे पहिल्या तासाला गेले. पुनमचे तास मग इकडे घ्यावे लागले. सगळ्यांनी आपापसात जुळवून घेतलं. माझी चूक झाकली त्यांनी, सर, मला वाईट वाटू नये म्हणून. आणि मी काल तुमच्याकडे त्यांचीच तक्रार घेऊन आले. घरी जाऊन तक्ता तपासला तेव्हा कळलं."

प्राचार्य काही बोलणार, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून रडण्याचा आवाज आला. बारीक, पण दम असलेला. कुसुंब्याचं पाणी. पुनमने डोळे मिटले.

"हे काय?" प्राचार्यांनी मान वर केली. "हे कसलं..."

आणि घंटा वाजली. झुलालभाऊने अशी घंटा बडवली की बडवली, जणू देवपूरला आग लागली आहे. तास संपायला अजून बराच अवकाश होता. पण पोरांना कोण सांगणार? सगळ्या वर्गांतून लोंढा बाहेर आला, बाकं सरकली, गलका झाला, त्यात रडणं बुडालं. प्राचार्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "इतक्यात? माझ्या घड्याळात तर अजून..."

मी माझं घड्याळ पाहिलं. एका मिनिटाने घंटा चुकली तर झुलालभाऊला दिवसभर ऐकवणारी मी.

"बरोबर वाजली, सर," मी म्हटलं. "तुमचं घड्याळ मागे पडलंय."

त्यांनी घड्याळ कानाला लावलं, हलवलं, आणि हसले. मोकळे झाले होते बिचारे, कोणावरही नोटीस काढायची नव्हती. "मॅडम, मनाला लावून घेऊ नका. चूक कोणाकडून होत नाही? हा तक्ता तेवढा आज दुरुस्त करून लावा. आणि पुढच्या सत्रापासून हे काम आकाश सरांच्या कॉम्प्युटरवर देऊन टाकू. तुम्हाला तरी कशाला त्रास."

ज्याची मला इतके दिवस धास्ती होती, ते असं झालं. मीच करून घेतलं.

"सर, मला नको..." आकाश पुढे येत म्हणाला.

"घ्या हो," मी त्याला म्हटलं. "डोळ्यांना त्रास होतो माझ्या."

प्राचार्य गेले. पुनम जिन्याकडे धावली, दोन पायऱ्या चढली, आणि परत खाली आली. तिच्या कुडत्यावर पुढे दूध झिरपून ओल आली होती, ओढणीने ती झाकत होती.

"मॅडम, काल सासूबाई म्हणाल्या, सारिकाताई येऊन बसल्या होत्या." तिने ओढणी आणखी पुढे ओढली. "आपल्याकडे सारिका कोणी नाही."

"आधी बाळाला घे जा," मी म्हटलं. "मग खाली ये आणि मला सांग, तुला कोणते तास हवेत. मला विचारायला नको का कोणी?"

ते शेवटचं वाक्य मी ओरडूनच म्हटलं असणार, कारण ती दचकली. मग ती एकदम हसली आणि रडतच वर गेली.

दुपारभर मी स्टाफरूमच्या टेबलावर वाकून नवीन तक्ता केला. नवीन कसला, जो चालू होता तोच कागदावर आणला. मान्य करायला जड जातं, पण त्यांनी लावलेलं वेळापत्रक चांगलं होतं. एकच ठिकाणी दोन तासांमध्ये नाहक फट राहिली होती, ती मी बुजवली. सतरा नंबरच्या चौकोनात सगळ्या दिवशी माझं नाव टाकलं. ट्यूटोरियल, भामरे. आता त्या खोलीत कोण का बसलंय हे विचारायचं तर मला विचारावं लागेल. सगळे आपापल्या जागी बसून माझी पेन्सिल बघत होते. मी टाचण्या लावून तक्ता भिंतीवर टांगला आणि मागे सरकले.

मग खुर्ची करकरली. ज्ञानेश्वर सर उठून तक्त्यासमोर गेले, चष्मा कपाळावर ढकलला, नाक कागदाला लावून पाहिलं.

"मॅडम," ते म्हणाले, "हा सोमवारचा पहिला तास?"

"मग?"

"मग काय मग! माझी बस पारोळ्याला असते तेव्हा!"

बस. जूनपासून देवपूरात खोली घेऊन राहणारा हा माणूस, चालत पाच मिनिटांवर. मला हे माहीत आहे, ते त्याला ठाऊक होतं का? झुलालभाऊने सांगितलं असेल का? की तो खरंच मला अजून फसवतोय? माझा स्वभाव काही जाणार नाही, मी त्याच्या मिशीकडे निरखून पाहिलं. या वेळी ती थरथरत होती.

"लवकरची बस पकडा," मी म्हटलं.

"तुम्हाला माणुसकी नाही."

"नाहीच. हरकत आहे ना तुमची? मग नियम माहीत आहे."

ज्ञानेश्वर सरांनी खिशात हात घातला. झुलालभाऊ दारातच उभा होता, किटली त्याने आधीच घासून आणली होती.

"कितला सांगू, सर?" त्याने विचारलं.

"सगळ्यांना," सर म्हणाले. "आणि एक वर सतरा नंबरला."